मोबाईलमुक्त गल्लीचे भावी अध्यक्ष

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.

ताजी बातमी. आमच्या शाळेच्या एसडीएमसीचा, म्हणजे शाळा सुधारणा समितीचा, नवा अध्यक्ष शनिवारी २२ तारखेला निवडणार. हेडबाई सुवर्णाबाईंनी स्वतः सांगितलं, म्हणजे पक्कं. सदस्य पालकांनी हात वर करून निवडायचा. मी सदस्य आहे. मंगल, म्हणजे आमची मंडळी, तीही सदस्य आहे. दोन हात घरचेच झाले.

समोर उमेदवार एकच. परशराम. मोबाईल रिपेअरीचं दुकान. ज्या माणसानं अख्ख्या वडगावच्या पोरांच्या हातात ते खेळणं टिकवून ठेवलं, तो आता शाळा सुधारणार! मी चार माग चालवतो, साड्या विणतो. साडीनं आजवर कुणाचं पोरगं बिघडलेलं नाही.

मुद्दा ठरला: मोबाईलमुक्त गल्ली. आजची पोरं म्हणजे नुसती गिऱ्हाइकं. कंपनीनं दाखवलं की बघायचं, बघितलं की मागायचं, मिळालं की दुसरं मागायचं. स्वतःची अक्कल शून्य. आमचा शिवराज सातवीत आहे. सतराचा पाढा विचारला तर पत्र्याकडं बघतो.

मंगलला योजना सांगितली. म्हणाली, "आधी घरातलं एक तरी माणूस मोबाईलमुक्त करा." शिवराजबद्दलच बोलत असावी.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

गल्लीत घोषणा केली. रोज संध्याकाळी सात ते नऊ पोरांनी आपापले फोन आमच्या मागाच्या शेडमध्ये आणून पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. कुलूप माझं. हिंडलग्याच्या जेलात फोन आत सोडत नाहीत, मग आमच्या गल्लीत का सोडायचे, असंही बोललो. जेलचं नाव निघाल्यावर दोन-तीन पालकांनी तोंड फिरवलं. मोठा विचार लोकांना एकदम झेपत नाही.

शिवराज म्हणाला, "आप्पा, मोठ्यांनी पण ठेवायचा व्हय फोन?"

मी म्हटलं, मोठ्यांना काम असतं.

"कसलं?"

उलट बोलण्याची ही सवय कुठून लागते, ते मला माहीत आहे. मोबाईलवरून.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

घवघवीत यश. काल पेटी अर्धी भरली होती, आज झाकण बसेना. काही पोरांनी तर दोन-दोन आणले. रडारड नाही, हुज्जत नाही. आणि विशेष म्हणजे दोन्ही दिवस पेटीतला एकही फोन एकदाही वाजला नाही. फोन करणाऱ्यांनासुद्धा शिस्त लागली म्हणायची.

दुपारी परशरामच्या दुकानासमोर पोरांची झुंबड दिसली. फोन विकायला आली असतील. बसला याचा धंदा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

पेटीपाशी रोज दोन तास राखण करत बसावं लागतं. वेळ वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून शत्रूचा अभ्यास सुरू केला. पोरांना नक्की कशाची चटक लागते, हे बालदिनाच्या भाषणात सांगता आलं पाहिजे. शिवराज ज्यात डोकं खुपसून बसतो तो 'हिरवं शिवार' नावाचा गेम माझ्या फोनवर घेतला. एक शेत असतं. पेरायचं, पाणी पाजायचं, कापायचं. अगदीच बालिश. पाच मिनिटांत कंटाळलो. मका तयार व्हायला थोडाच वेळ होता म्हणून फक्त थांबलो.

नऊला पोरं फोन न्यायला आलीच नाहीत. "असू देत पेटीत, अण्णा," म्हणाली. एवढं मनपरिवर्तन!

९ नोव्हेंबर, रविवार.

अभ्यास जोरात. ऊस लावला. पाणी संपलं. शिवराजला सहज विचारलं.

"जाहिरात बघितल्याबिगर पाणी सुटत न्हाय, आप्पा."

बघा लबाडी! घोटभर पाण्यासाठी कोवळ्या पोरांना जाहिराती पाजतात, आणि ही येडी पितात. भाषणासाठी मुद्दा टिपून घेतला. मग खात्री करण्यासाठी ओळीनं जाहिराती बघितल्या. ऊस चांगला पोसला. महत्त्वाचं निरीक्षण: जाणत्या माणसावर जाहिरातीचा काहीही परिणाम होत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

पार्सल आलं. गुडघ्याचं तेल, आणि पंखा बसवलेली टोपी.

मंगल म्हणाली, "हे काय आणि?"

मी म्हटलं, पुरावा. जाहिरात कशी फसवते हे पालकांना दाखवायचं तर वस्तू हातात नको?

"मग गुडघ्याला लावलंय कशाला?"

तपासणीसाठी. बायकांना संशोधन कळत नाही. गुडघा आहे तसाच आहे. टोपीचा पंखा फिरत नाही, नुसता गुरगुरतो आणि डोकं तापतं. पोरं असल्या वस्तूंना कशी भुलतात, देव जाणे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. बालदिन.

शाळेत भाषण झालं. विषय: जाहिरातीचे बळी. पोरांना चांगलं फैलावर घेतलं. तुम्हाला वाटतं तुम्ही मोबाईल बघता, खरं म्हणजे मोबाईल तुम्हाला बघतो, असं म्हणालो आणि थांबलो. टाळ्यांसाठी जागा ठेवली होती. नेमक्या त्या जागी माझ्या खिशात कोंबडी ओरडली. शिवारातली कोंबडी अंडं घालते तेव्हा ओरडते.

अख्खी शाळा एका सुरात म्हणाली, "अंडं उचला! अंडं उचला!"

किती खोल गेलंय हे विष. नुसत्या आवाजावरून गेम ओळखतात! माझा मुद्दा आपोआप सिद्ध झाला. सुवर्णाबाई रुमाल तोंडाला लावून बसल्या होत्या. भारावल्या असाव्यात.

परशराम मागं बसून पोरांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटत होता. मतांसाठी माणूस किती खाली जातो.

(अंडं उचललं.)

१६ नोव्हेंबर, रविवार.

शिवराजला एक दिवस नेटवर्कविना ठेवायचं ठरवलं. जांबोटीच्या पुढं, रानाच्या कडेला मंगलच्या भावाचं, ज्योतिबाचं घर आहे. तिथं रेंज येत नाही. पोरगं तळमळणार, हात थरथरणार, असा माझा अंदाज. तसं झालं की २२ तारखेला सांगायला अनुभव तयार.

शिवराज बसमधून उतरला तो थेट ज्योतिबाच्या पोरांबरोबर म्हशी घेऊन ओढ्यावर. दिवसभर तिकडंच. व्यसन इतकं मुरलंय की फोन नाही याची जाणीवसुद्धा राहिलेली नाही. गंभीर लक्षण.

मी व्यायामासाठी देवळामागच्या टेकडीवर चढलो. वर एक चपटा दगड आहे. त्याच्यावर उभं राहून हात वर केला की एक काडी रेंज येते. हळद काढणीला आली होती. खालून ज्योतिबा हाका मारत होता, "दाजी, बस आली ओ! दाजीऽऽ! खाली उतरा की ओ!" हळद अर्धी काढून झाली होती. अर्ध्यावर टाकलं की वाळून जाते.

पुढची बस लवकर नव्हती. मुख्य रस्त्यापर्यंत चालत आलो. मंगलही सोबत होती, ती पिशवी उचलून पुढं निघाली. शिवराजनं तिची पिशवी घेतली आणि मधेच माझीही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

डावपेच. शनिवारी निवडीच्या आधी सुवर्णाबाईंचा सत्कार करायचा. माझ्या मागावरची खास साडी. मोरपंखी अंग, लाल काठ. मी स्वतः विणणार. परशराम काय देणार? फोनची काच?

बीईओ ऑफिसातला, म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांकडचा, कानडी क्लार्क आताच्या अध्यक्षांना "बन्नी अध्यक्षरे", म्हणजे या अध्यक्षसाहेब, म्हणून खुर्ची देतो. मी मागच्या वेळी तासभर दाराशी उभा होतो, मला नुसतं "एनु?", म्हणजे काय रे, म्हणाला. पुढच्या वेळी बघू.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

साडी उतरली. एक किरकोळ अडचण.

आपल्याकडं माग कानानं चालवतात. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपत आली की खटखट बदलते. उठायचं, नवी कांडी भरायची. आडवा धागा संपला की माग आपोआप थांबवणारी तार असते, पण ती उगाच अडवते म्हणून मी कधीचीच बांधून ठेवलेली आहे. मला कान आहेत. आज कानात इअरफोन होते, कारण शिवारात द्राक्षांचा हंगाम आहे आणि घंटा वाजली की लगेच तोडावी लागतात. कांडी संपली. माग चालतच राहिला. साडीच्या मध्यावर वीतभर नुसते उभे धागे. आडवा एकही नाही. आरपार पलीकडची भिंत दिसते.

मंगलनं साडी उचलली. "ही जाळी कसली? तुमचं कान कुठं गेलतं?"

मी म्हटलं, नवीन डिझाईन.

"दुसरी विणा. अजून उद्याचा दिस हाय."

उद्या द्राक्षं आहेत. आणि घाबरायचं कारण नाही. सत्काराची साडी कुणी उघडून बघत नाही. ती कपाटात जाते आणि पुढच्या सत्काराला बाहेर पडते. वडगाव-शहापुरात अशा कितीतरी साड्या वर्षानुवर्षं घडीतच फिरत आहेत. जाळी आत घेऊन घडी घातली. वरून झकास दिसते.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.

लिहायचा मूड नाही. पण नोंद असावी.

पेटी शाळेच्या हॉलमध्ये नेली. सर्वांसमोर कुलूप उघडलं आणि म्हणालो, हे बघा, आपल्या लेकरांनी स्वखुशीनं सोडलेले मोबाईल. लोक वाकून बघू लागले. परशराम पुढं आला. एक फोन उचलला, नखानं मागचं झाकण काढलं.

"नागेंद्रअण्णा, ह्याच्यात बॅटरी न्हाय."

दुसरा उचलला. "ह्याच्यात तर आतलं कायच न्हाय. माझ्या दुकानातलं भंगार हे. पोरं म्हणाली शाळेचा प्रोजेक्ट हाय, म्हणून मी दिलं सगळं."

हॉल खदखदला. मी म्हणालो, जो फोन चालूच होत नाही त्याहून मोठी मोबाईलमुक्ती कोणती? मुद्दा बिनतोड होता. हसण्यात बुडाला.

मग सत्कार. सुवर्णाबाई शहापूरच्या विणकराच्या घरातल्या आहेत, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. आमच्या लोकांच्या हातात साडी आली की आभार मानायच्या आधी हात आपोआप झटकतात आणि साडी उजेडाला धरतात. त्यांनी धरली. जाळीतून मला त्यांचा चष्मा दिसला आणि त्यांना मी.

हॉलमध्ये सगळे मागवाले. कुणालाही काही समजावून सांगायची गरज नव्हती. कोपऱ्यातून म्हाताऱ्या अंबुबाईनं तेवढं विचारलं, "कांडी सपली तवा तू कुठं गेलतास रं, नागेंद्रा?"

शिवराजला कुणी विचारलेलं नव्हतं. तरी दारातून म्हणाला, "द्राक्षं तोडत हुते, आज्जी."

हात मोजले. माझ्या बाजूनं एक. तो माझाच. मंगल दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली होती, म्हणून मला शेवटपर्यंत आशा होती. परशरामचं नाव पुकारल्यावर एक हात पदराबाहेर आला.

तत्त्वाची माणसं निवडणुकीत पडतातच.

२३ नोव्हेंबर, रविवार.

अध्यक्ष परशराम. सुवर्णाबाईंनी फळ्यावर लिहिलं आहे, सहीसकट.

नव्या समितीचा पहिला ठराव: ज्यांची फोनची सवय सुटत नाही त्यांच्यासाठी शाळेत समुपदेशन. बाहेरून एक बाई येणार. पहिलं नाव माझं. सुचवलं मंगलनं. विरोध फक्त मी केला. परशराम नम्रपणे म्हणाला, "ह्या रोगात माणूस पयला न्हायच म्हणतो, अण्णा." हे मिनिटबुकात लिहून घेतलं गेलं.

नियम असा की सोबत घरातलं एक जबाबदार माणूस पाहिजे. मंगलला मागावरून उठता येत नाही. सुवर्णाबाई म्हणाल्या, शिवराज चालेल.

मी त्याला म्हटलं, "तुझा वर्ग बुडंल रं."

म्हणाला, "बुडू दे, आप्पा. एकदा तुमचं मार्गी लागू दे."

उद्या सकाळी दहा वाजता. जागा शाळेतला एक रिकामा वर्ग, पुढचा बाक. घरातून निघतानाच फोन शिवराजकडं द्यायचा. बाई विचारतील तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि खरं द्यायचं. अटी त्यानं घातल्या, मी मान्य केल्या. माझीही एक घातली: गल्लीतून जाताना माझा हात धरायचा नाही.

बघू, म्हणाला.