आखणी पद्धतीने पाच नामांकनं

३ डिसेंबर, बुधवार
रोह्याहून निलेशचा फोन. तो तिथल्या वाचनालयाचा सेक्रेटरी. ११ जानेवारीला माझं व्याख्यान ठेवतोय. विषय : आशियाई ॲनिमेशन पुरस्कारांत यंदा कोणत्या पाच सिनेमांना नामांकन मिळणार. म्हणाला, विष्णुकाका, तुमची मैथिली त्याच लाइनीत आहे, तुम्हाला आतली खबर असणार. मी स्पष्ट सांगितलं, खबर लागत नाही, नजर लागते. बत्तीस वर्षं पेणला गणपतीचा कारखाना चालवतोय.
सुनीतीला सांगितलं. ती म्हणाली, अहो, आधी मैथिलीचा तरी बघा. आई म्हणून तिचं बरोबर आहे. पण परीक्षकाची जबाबदारी तिला कळत नाही.

५ डिसेंबर
मैथिलीने पुण्याहून लिंक पाठवली. सिनेमाचं नाव 'मूषक मिसिंग'. तीन वर्षं खपली आहे त्यावर. दिग्दर्शक दोघं, त्यांत हिचं नाव दुसरं. खाली मेसेज : बाबा, बघा आणि मनापासून सांगा. लिंक १५ तारखेपर्यंत चालेल. सुनीतीला तिची वेगळी लिंक.
ठरवलं : व्याख्यानाआधी बघायचा नाही. घरच्या सिनेमाचा मनावर परिणाम होता कामा नये.

८ डिसेंबर, सकाळी ७
संकल्प. शर्यतीत पंधरा सिनेमे आहेत. घरचा सोडून रोज एक, पूर्ण, वहीत नोट्स काढत. चहा झाला की सुरू.

संध्याकाळी ६
पेलिकनचा लावला. अकरा मिनिटं झाली. माघी गणपतीच्या ऑर्डरी डोक्यावर, त्यात रंगाचा कॉम्प्रेसर बसला. दुपारी जेवून परत लावला, डोळा लागला. तरी सिनेमा कळला.

१० डिसेंबर
मोठा शोध. सिनेमा पूर्ण बघणं हीच मुळात चूक आहे. गिऱ्हाईक कारखान्यात आलं की मूर्तीकडे दीड तास बघत बसत नाही. डोळे बघतं आणि म्हणतं, ही माझी, नाव लिहा. आखणी, म्हणजे डोळे रंगवणं, जमली की मूर्ती खपली. म्हणून तर आखणीचा ब्रश मी आजवर दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेला नाही.
पंधरा पोस्टर प्रिंट करून फळीवर मांडले. प्रत्येकाच्या डोळ्यांत अकरा सेकंद बघायचं. जे पटले त्यांना बुकिंगच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. नाव ठेवलं : आखणी पद्धत.
शीतल कासूहून येते, आमच्याकडे रंगकाम करते. ती म्हणाली, काका, तुमी पिच्चर बघलाच नाय, मंग पास-नापास कसा करताव? तिला पद्धत समजावली. तिला पटली नाही. पण पितांबरं रंगवायला गेली, हेही नसे थोडके.
'मूषक मिसिंग'च्या पोस्टरवर उंदीर पाठमोरा आहे. डोळे दिसत नाहीत, म्हणजे गुण देता येत नाहीत. नियम सगळ्यांना सारखा.

१५ डिसेंबर
लिंकची शेवटची तारीख. व्याख्यानाआधी नाही असं ठरलं होतं, पण आज संध्याकाळी मन मोठं करून बघणारच होतो. लाइट गेली. मोबाइलला बॅटरी होती, पण अंधारात डोळ्यांवर ताण येतो.

१६ डिसेंबर
लिंक अजून चालू! आता ३१ तारीख दाखवते. कंपनी आपोआप वाढवत असावी. मुदत पाळणारी माणसं राहिली नाहीत, ते एका अर्थी बरंच आहे.

२१ डिसेंबर, रविवार
मैथिलीचा फोन. विचारलं, बाबा, पाहिलात? तोंडातून हो निघून गेलं. कसा वाटला? उंदराचे डोळे फार बोलके उतरलेत, म्हणालो. माझा हात दिसतो, असंही म्हणालो. ती मग म्हणाली, बरं बाबा. आवाज जड होता.
भरून आलं असणार. सहा वर्षांपूर्वी कारखाना सोडून निघाली तेव्हा मी म्हणालो होतो, कंप्युटरमधल्या बाहुल्यांनी पोट भरत नाही. त्यानंतर बापाकडून पहिलीच शाबासकी.
आणि हे काही खोटं नाही. आगाऊ अभिप्राय आहे. सिनेमा बघितला की खरा होईल.

१ जानेवारी
संकल्प : १) मैथिलीचा सिनेमा. २) वजन. ३) शीतलशी वाद घालायचा नाही.
लिंकची तारीख आता २० जानेवारी. कंपनी भलतीच उदार.
दुपारी लिंकवर बोट नेलं आणि मागे घेतलं. खरं लिहायचं तर भीती वाटते. वाईट निघाला तर तिला काय सांगू? चांगला निघाला तर स्वतःला काय सांगू? ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहिलं.
वजन केलं नाही.

११ जानेवारी, रविवार
व्याख्यान जोरात. एकतीस श्रोते. त्यातले नऊ नंतरच्या शुगर तपासणीला आले होते, पण त्यांनीही ऐकलं. पाच नावं ठणकावून जाहीर केली : पेलिकन, वटवाघूळ, छत्री, दोन आजोबा आणि उंट. आखणी पद्धतीला टाळ्या.
शेजारच्या वरसे गावातल्या एका गृहस्थांनी विचारलं, आनि तुमच्या मुलीचा हाय तो? मी मोठ्या मनाने म्हणालो, काम स्वच्छ आहे, पण हात बसायला वेळ लागतो. पुढच्या वेळी बघू. पुन्हा टाळ्या. बाप असून किती तटस्थ, असं निलेश आभार मानताना म्हणाला.
त्याने व्हिडिओ करून ग्रुपवर टाकला. मीच तो मैथिलीला पुढे पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. कामात असेल.

१२ जानेवारी
निलेशचा फोन. काका, उंटाचा सिनेमा गेल्या वर्षीचा आहे. म्हणजे पोस्टर प्रिंट करताना इंटरनेटने घोळ घातला. मी म्हणालो, कलेला साल नसतं. तो म्हणाला, नामांकनाला असतं.

२० जानेवारी, मंगळवार, संध्याकाळी ७
नामांकनं जाहीर झाली. शीतलच्या मोबाइलवर लाइव्ह बघितली, सगळा कारखाना भोवती. परवा माघी गणपती, हातातलं काम टाकून सगळे उभे. सुनीतीही आली होती.
पेलिकन नाही. वटवाघूळ नाही. छत्री नाही. दोन आजोबा आले. म्हणजे पाचात एक. दोन्ही आजोबांना काळे चष्मे आहेत, हे मला आत्ता दिसलं.
पाचवं नाव : 'मूषक मिसिंग'.
एकच आरडाओरडा झाला. सुनीतीने शीतलला मिठी मारली, मला नाही. मग दहा सेकंदांचा तुकडा दाखवला. मातीचा उंदीर हायवेच्या कडेने, गडब गावच्या दुकानांसमोरून, नाक वर करून हवा हुंगत चाललाय. शीतल म्हणाली, काका, ह्याला डोलंच नाय.
सुनीतीने सगळ्यांना गोष्ट सांगितली. हा गणपतीबरोबरचा उंदीर. कारखान्यात त्याची आखणी राहून जाते आणि तो तसाच गिऱ्हाइकाच्या घरी पोचतो. मग वास घेत घेत परत पेणचा कारखाना शोधत येतो. अख्ख्या सिनेमात त्याला डोळे नाहीत. सुनीतीने चार वेळा पाहिलाय. मला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही पाहिलाय असं तुम्हीच सांगत होता.
बोलके डोळे. माझा हात दिसतो.
पेढे वाटले. दोन खाल्ले. गोड लागले नाहीत.

२१ जानेवारी
मैथिलीला फोन केला. आधी अभिनंदन, मग कबुली. ती म्हणाली, मला माहीत होतं. कोणी लिंक किती वेळा उघडली ते तिला दिसतं. माझ्या नावापुढे शून्य. मी डोळ्यांचं कौतुक केलं त्या दिवशीही शून्य. रोह्याला टाळ्या पडल्या तेव्हाही शून्य. तारीख कंपनी वाढवत नव्हती, तीच वाढवत होती. आज बघतील, उद्या बघतील म्हणून. ती मुदत काल संपली.
रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी
सुनीती शेजारच्या धोंडुबाईंकडे हळदीकुंकवाला गेली. तिचा मोबाइल चार्जिंगला इथेच. तिच्या अजून चालू असलेल्या लिंकवरून 'मूषक मिसिंग' बघितला. एक तास बावीस मिनिटं. न थांबता, न झोपता.
आखणी कशी राहते ते कळलं. एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची, हळूच ब्रश घेते आणि उंदराला डोळे काढते. मालक येतो, ओल्या फडक्याने पुसतो, म्हणतो, मी नंतर काढतो. आणि विसरतो. ती मुलगी कोपऱ्यात उभी राहून ते फडकं बघत असते.
मी हे केलेलं आहे. साफ विसरलो होतो. शेवटी उंदीर कारखान्यात पोचतो तेव्हा मालक ब्रश स्वतः धरत नाही, तिच्या हातात देतो. हे मी केलेलं नाही. हे तिने माझ्या पदरात घातलंय. रडलो. खूप रडलो.
लगेच फोन लावला. फडक्याचं सांगितलं, ब्रशचं सांगितलं, चुकलो म्हणालो. ती ऐकत होती. मग म्हणाली, बाबा, आईने छान सांगितली तुम्हाला गोष्ट. तुमच्यापुढे अजून शून्यच आहे. आईचे पाच झालेत.
शपथ घेतली. बिनकामाची. सुनीती आल्यावर तिला साक्ष द्यायला सांगितलं. ती म्हणाली, मी धोंडुबाईंकडे होते, मी बघितलं नाही ते कसं सांगू?
मैथिलीला मेसेज केला, माझी लिंक एकदाच पुन्हा चालू कर. तिचं उत्तर : बघते.
माझा अंदाज, करेल.