शेवंतीच्या कानातलं

नाशिक, ४ नोव्हेंबर १९७७

चि. वत्सला हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे माणसं बरी आहेत, जनावर बरं नाही. दसऱ्याला येवल्याच्या बाजारात तुझ्या शेजारच्या हबीबकडून टांग्यासाठी ही शेवंती घोडी घेतली ना, तिच्या डाव्या कानाच्या मुळाशी मोहरीएवढं भोक आहे. त्यातून चिकट पाणी गळतं. पुसलं की तासाभरात केस पुन्हा चिकटलेले. लगामाचा पट्टा कानावरून घ्यायला गेलं की मान अशी झटकते की मीच भिंतीवर आपटतो.

परवा इथल्या रविवार कारंजा चौकात पट्टा सरकून कानाला लागला आणि ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. टांग्यात आपल्या गल्लीतल्या आक्काबाई होत्या. त्या पडल्या, मनगट मोडलं.

हबीबने दुखणं लपवून घोडी माझ्या गळ्यात मारली. टांग्यांच्या अड्ड्यावर मी सगळ्यांना सांगून टाकलंय, त्याच्याकडून घोडं घेऊ नका म्हणून. तूही त्या घराशी बोलणं ठेवू नकोस. बेबीला पापा.

तुझा दादा,
निवृत्ती

येवला, ९ नोव्हेंबर

ती. दादास वत्सलाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचे दोन तास मुलांना नुसतं शुद्धलेखन घालून बसले. मी शाळेत असते तेव्हा बेबी हबीबभाईंच्या घरी सुरय्याभाभींच्या मांडीवर असते, आणि तू लिहितोस बोलणं ठेवू नकोस. मला काही करावंच लागलं नाही. तुझं बोलणं तुझ्या पत्राच्या आधी इथल्या बाजारात पोचलं होतं. भाभी बेबीला अजून घेतात, पण दारातूनच. पूर्वीसारखं बस म्हणत नाहीत. कालच्या मंगळवारच्या बाजारात हबीबभाईंच्या घोड्यांना कोणी हातसुद्धा लावला नाही.

मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, बाजारात त्यांनी स्वतः कान वळवून तुला ओल दाखवली होती. शिंगरू होती तेव्हापासून असंच आहे, डॉक्टरला दाखवून घ्या, असंही सांगितलं होतं. तू म्हणालास, एवढ्याशा पाण्याचं काय. दादा, हे खरं आहे का? तुझी घाई मी लहानपणापासून पाहते आहे.

तुझ्या पत्रात सगळ्यांची नावं आहेत, एका डॉक्टरचं तेवढं नाही. आणि कुणाचं ऐकून तापल्या सळईचा डाग मात्र देऊ नकोस. आक्काबाईंची चौकशी करते म्हणून सांग, मंगलावहिनींना जयभीम. रागावले आहे, तरी तुझीच,

वत्सला

नाशिक, १८ नोव्हेंबर

चि. वत्सलास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी डाग देऊन झाला होता. अड्ड्यावरचा भिका म्हणाला, भाजलं की भोक बुजतं. सळई त्याची, पण मान मी धरली होती. तिसऱ्या दिवशी अर्धं तोंड सुजलं आणि तिने चारा सोडला. ती ओरडत नाही, वत्सू. भिंतीकडे तोंड करून उभी राहते. मंगला म्हणाली, आता तरी माणसासारखं वागा.

मग चालवत गुरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर यादव नवे आहेत, दिसायला अगदी कोवळे. याला काय कळणार, असं मनात आलं. पण त्यांनी कानाला हात लावायच्या आधी तिच्या मानेवर कितीतरी वेळ नुसता हात ठेवला. मग बारीक सळई त्या भोकातून आत घातली. आत कशाला तरी ती कट्कन लागली. मला म्हणाले, "हा दात आहे. जबड्यात यायचा तो कानाखाली उगवलाय. जन्मापासूनचा आहे, यात कोणाचा दोष नाही." माझ्यासोबत भिका आला होता, तो हसला. मला हसू आलं नाही.

दात काढावाच लागेल. पण त्याच्याजवळून तोंडाची शीर जाते. ती दुखावली तर ओठ लोंबेल, पापणी मिटणार नाही. भुलीतून घोडं उठताना पाय मोडून घेतं, असंही ते म्हणाले. आधी माझ्या डागाचा पू सुकायला हवा, म्हणून रोज पेनिसिलीन चालू आहे. सव्वीस तारखेला, शनिवारी कापायचं ठरलंय.

हबीबने कान दाखवला होता. मीच ऐकलं नव्हतं.

निवृत्ती

येवला, २५ नोव्हेंबर

ती. दादास सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र हबीबभाईंच्याच हाती देते आहे. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी सकाळची एसटी किती वाजता आहे एवढंच विचारलं. तिला शिंगरू असल्यापासून त्यांनी वाढवलंय, भुलीतून उठताना ओळखीचा आवाज कानावर पडला तर धडपडणार नाही, असं म्हणतात. त्यांना शेवंतीपाशी उभं राहू दे. तुला त्यांच्याशी काय बोलायचं ते मागाहून बोल.

काळजीत असलेली,
वत्सला

नाशिक, २ डिसेंबर

चि. वत्सलास आशीर्वाद. वि. वि.

शेवंती उठली. दवाखान्यामागच्या गवतावर तिला पाडली होती. डॉक्टर तासभर वाकून होते. दात निघाला तो चिंचोक्याएवढा, पिवळट. डॉक्टरांनी तो बाटलीत ठेवून घेतला. शुद्धीवर येताना ती पाय झाडायला लागली. हबीबभाई तिच्या मानेवर ओणवे होऊन हळूहळू बोलत राहिले आणि पोटावर बसेपर्यंत तिला उठू दिलं नाही. मी शेपटीशी होतो. माझा आवाज ऐकून ती दचकत होती, म्हणून गप्प राहिलो.

ओठ ठीक आहे, डोळाही मिटतो. डावा कान मात्र पडला. डॉक्टर म्हणतात, दात खोल होता आणि डागाने मांस कडक झालं होतं. कान पुन्हा उभा राहीलच असं नाही. काल तिने त्या बाजूने मला हात लावू दिला. मग मीच काढून घेतला.

हबीबभाईंची माफी मागितली. ते म्हणाले, तुम्ही मला घरी येऊन शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो, तुम्ही अड्ड्यावर बोललात. मंगलाने जेवायला वाढलं, ते जेवले. उरलेले दोन घोडे काढून टाकून मालेगावला मेव्हण्याकडे कापड विणायच्या मागावर बसायचं त्यांच्या मनात आहे. तुला हे सांगितलं नसेल.

अड्ड्यावर मी खरं काय ते सांगितलं. चौघांनी ऐकलं, बाकीचे पत्ते खेळत होते. वाईट बोललो तेव्हा सगळे उठून आले होते.

येत्या मंगळवारी सहा डिसेंबर आहे, बाबासाहेबांना वंदन करायला जायचं. त्याच्या पुढच्या मंगळवारी, तेराला, पहिल्या गाडीने येवल्याला येतो. तुझ्याकडे नंतर. आधी बाजारात जाईन आणि हबीबभाईंच्या घोड्यांजवळ संध्याकाळपर्यंत उभा राहीन. विचारेल त्याला सांगेन, न विचारणाऱ्यालाही सांगेन. ते मला हाकलतील कदाचित. तरी उभा राहीन.

भाभींना एवढं कळव. माझ्यावर उरली असेल तेवढी माया राहू दे.

तुझा दादा,
निवृत्ती