टाकीतलं पाणी

नायगाव, मुंबई
ता. १६ मार्च १९५८

प्रिय रामजी,

सप्रेम जय भीम. इकडे बकुळा आणि मुलं खुशाल आहेत. तुझी रात्रपाळी सुटली की नाही ते कळव. नागपूरचा उन्हाळा म्हणजे भट्टी, डोक्याला फडकं बांधल्याशिवाय कारखान्यात जात जाऊ नकोस.

तू थट्टेने विचारलं होतंस, ती गाडी झाली का म्हणून. झाली. बेकरीवाल्यांची भंगारात काढलेली व्हॅन आमच्या गॅरेजात सडत होती. शेट म्हणाला, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. आतले पावाचे खण उपटून काढले, खाली फळ्या ठोकल्या. दोन्ही अंगांना बाकडी केली. झाकण उचललं की आत स्टोव्ह, भांडी, वाकळा. मधे फळी टाकली की चौघांचं अंथरूण. मागच्या दाराला ताडपत्री लावली, ती दोन काठ्यांवर ताणली की पडवी तयार. पडदे बकुळाने जुन्या लुगड्याचे शिवले. पण माझा सगळा जीव टाकीत होता. छताला आतून जस्ती पत्र्याची टाकी बसवली आणि तिला पितळी तोटी. एक थेंब गळत नाही, बघ येऊन!

टाकी कशाला, हे तुला सांगायला नको. आपल्या माणसांनी डोंगर, लेणी बघायला जायचं तर वाटेत पाणी मागायचं कुणाकडे? आधी नाव विचारतात, मग गाव, आणि मग वरून ओंजळीत ओततात. माझ्या गाडीत बसणाऱ्याने कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. कान्हेरीला चाळीतली मंडळी नेली. दोन दिवस राहिलो, लेण्यांत वंदना केली, कुणाला घोटभर पाणीसुद्धा मागावं लागलं नाही. मी मोठ्या ऐटीत परत आलो.

मग शिमग्याला आपल्या बाला घेऊन गावी गेलो. त्याच्या छातीत गिरणीचा कापूस बसलाय. डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा द्या. वाटेत महाडला त्याने गाडी थांबवायला लावली. सत्तावीस साली तो तिथल्या तळ्यावर गेला होता ना. खाली उतरला, तळ्याच्या काठापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "चल."

बाची तब्येत बरी आहे. निदान मी निघालो तेव्हा बरी होती.

हे लिहून मघापासून थांबलो आहे. बा इथे नाही, रामजी. गाडीही इथे नाही. मी एकटा एस.टी.ने परत आलो. चाळीत सगळ्यांना सांगतो की त्याला हवापालटाला ठेवलंय.

झालं असं. धर्मांतरानंतर आपल्या वाडीने गावाची कामं सोडली, शिमग्याचा ढोलही धरला नाही, म्हणून गाव आधीच धुमसत होतं. वाडीतला झरा तर फाल्गुनात आटतोच. बाने टाकीच्या पाण्याला तोंड लावलं नाही. सकाळी मला म्हणाला, गाडी विहिरीजवळ घे. मला वाटलं, सावलीला बसायचं असेल. मी नेली. त्याने दोर आणि बालदी काढली, गावाच्या विहिरीतून पाणी शेंदलं आणि प्यायला. शांतपणे, घरच्यासारखा.

माणसं जमली. त्यांत गुणाजी होता. लालबागचा गुणाजी, बाचा गिरणीतला जोडीदार, शिमग्याला गावी आलेला. छप्पन सालच्या जानेवारीत गोळ्या सुटल्या तेव्हा बाने ज्याला मोर्च्यातून ओढून आपल्या खोलीत आणलं होतं, तोच.

बा म्हणाला, "गुनाजी, माज्या मडक्यातलं पानी प्यालास न्हवं? मग हितं काय झालं?"

गुणाजी खाली बघत म्हणाला, "कोंडीदा, ही मुंबय न्हाय."

कुणीतरी धोंडा मारला, पुढची काच फुटली. मी इंजिन चालू केलं. किती ओरडलो, "बा, चल! टाकी भरलेली हाय!" तो कट्ट्यावर बसून राहिला. "तुजं पानी मुंबयचं हाय, बुधा. म्हाडाला प्यालो. माज्या गावचं ऱ्हायलंय. ते काय एका दिवसात पिऊन हुतंय?"

तेव्हापासून तो तिथेच आहे. गाडीत झोपतो, रोज सकाळी पाणी शेंदतो. वाडीतली पोरं आळीपाळीने सोबतीला बसतात. मला खूप राग आला त्याचा, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त भीती वाटली. रजा संपली हे निमित्त मला पुरलं. टाकी मी मानापायी केली असं समजत होतो. भीतीपायी केली होती.

बकुळाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "गाडी ठेवलीत, म्हातारा ठेवलात, आणि स्वतः आलात?"

काल गुणाजी दारात आला. बकुळाने पाणी दिलं, ते तो प्यायला. म्हणाला, "पाडव्याच्या आत कोंडीदाला घेऊन ये. गावानं ठरवलंय, गाडी दरीत लोटायची." मी विचारलं, तू काय ठरवलंस? तो जिना उतरून गेला.

शेटला सांगितलंय, कामावर ठेव नाहीतर काढ. उद्या मी, बकुळा आणि मुलं निघतो. बाला आणायला नाही, त्याच्याजवळ राहायला. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. बाचा जीव तिथे पणाला लागला आहे, हे तुझ्यापासून लपवणार नाही.

जमलं तर तूही ये. मुंबईला येऊ नकोस, परस्पर पनवेलहून खेडची एस.टी. धर. आणि रामजी, बरोबर पाणी घेऊ नकोस. आपण विहिरीवरच पिऊ.

वाट पाहणारा, तुझा थोरला भाऊ,
बुधाजी कोंडीराम