सभागृह पाहिलेल्यांनी हात वर करा

रविवार, संध्याकाळ

आज सूड घेतला.

गेल्या महिन्यात मोर्शीच्या सभेत खासदारांच्या नावाआधी 'माननीय' म्हणायचं राहिलं, तर त्यांनी माईकवरूनच विचारलं, "याले बोलाले कोनं शिकवलं?" सगळे हसले. पुढच्या रांगेत माझी मुलगी होती. वीस वर्षं सूत्रसंचालन करतोय, असं कुणी बोललं नव्हतं.

आज आमच्याच गावात त्यांचा सत्कार. पूर्ण झालेल्या कामांची यादी मलाच वाचायची होती. तिसरं काम, आमच्या गावचं सभागृह. सभा मात्र मंडपात, कारण सभागृह बांधलंच नाही. मी थांबलो. म्हटलं, "ज्यायनं हे सभागृह पाह्यलं, त्यायनं हात वर करा."

एकही हात नाही. मग स्टेजवरून त्यांच्या पीएनं सवयीनं हात वर केला आणि अख्खा मंडप हसला. खासदार मान खाली घालून पाणी पीत राहिले. तो एकटा हात सारखा डोळ्यांपुढे येतोय.

"उद्यापासून येऊ नोको," पीए म्हणाला. बरं.

शेजारी येऊन सांगताहेत, गावासाठी बोललास. गावासाठी कुठलं? हीच यादी मी आधी दोनदा मुकाट वाचली आहे. मला फक्त त्यांची फजिती पाहायची होती. पाहिली. आणि पोट भरलं नाही.