एक कमी

सोलापूर, नवी पेठेमागची गल्ली
ता. २१ मे १९७८, रविवार

तीर्थरूप येडूदादा,

धाकट्या तानाचा वाकून नमस्कार. बसव्वावहिनीला सांग, तिने पाठवलेली शेंगाचटणी आली आणि संपलीसुद्धा. तुझ्या मेहुण्यांनी डबा गिरणीत नेला आणि रिकामा परत आणला. त्यांना आता काही पाठवायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

हे पत्र नेहमीप्रमाणे वळसंगला सिद्धनाथअण्णांच्या दुकानात तुला वाचून दाखवलं जाईल. अण्णा, तुम्हालाही नमस्कार. एवढं करा, बाकावरची मंडळी चहा पिऊन उठली की मग वाचा. आणि मधलं काही गाळू नका. मागच्या खेपेला मी दादावर रागावले होते ते तुम्ही वगळलंत, हे मला वहिनीकडून कळलं.

इकडे ऊन मी म्हणतंय. शाळेला सुट्टी आहे, घरात काम थोडं, त्यामुळे दुपार कशीबशी जाते, पण संध्याकाळ जात नाही. दिवेलागणीला मला अजून आपला तळ आठवतो. मेंढरं दिवसभर चरायला गेलेली, कोकरं जाळीत कोंडलेली, आणि त्यांच्यावर राखण माझी. धुळीचा लोट दिसला की कोकरं ओरडायला लागत. तू पुढे, काठी खांद्यावर, आणि शंभर पावलांवरूनच ओरडायचास, "सोड गं ताने, सोड!" मी जाळी उचलायची आणि मग जो गोंधळ व्हायचा! इतक्या कोकरांत प्रत्येक मेंढी वास घेत घेत आपलंच बरोबर शोधायची. दुसऱ्याचं आलं की ढकलून द्यायची. मग तू एखाद्या शेळीचं दूध थेट माझ्या तोंडात पिळायचास आणि निम्मं माझ्या नाकात जायचं. आई ओरडायची, आप्पा गालातल्या गालात हसायचे.

आणि आप्पांचं ते मोजणं. वाटेत कुणीही विचारलं, "धुळाप्पा, मेंढरं किती?" की आप्पा एक कमी सांगायचे. पुरा आकडा बोलला की नजर लागते, कळप फुटतो. आपल्याला हे लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलं होतं की भाकरी किती खाल्ल्यास असं आईने विचारलं तरी आपण एक कमीच सांगायचो. त्यात आपला फायदाही होता म्हणा.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते. आमच्या गल्लीत शरणप्पा गुरुजी राहतात, वळसंगच्या शाळेत एस.टी.ने जाऊन येऊन नोकरी करतात, ते तुला ठाऊक आहेतच. जूनमध्ये शाळेत घालायच्या मुलांची पाहणी करत ते तुमच्या तळावरही आले होते. परवा चहाला आले तेव्हा सहज म्हणाले, "बाई, तुमच्या भावाला मूलबाळ नाही वाटतं. मी विचारलं तर 'न्हाय जी' म्हणाले."

मी कपबशा उचलून आत गेले. आपली मायाक्का, आईचं नाव ठेवलेली, सात वर्षांची, त्या वेळी कुठे होती दादा? वहिनीने तिला घोंगडीखाली झाकलं होतं की रानात पाठवलं होतं?

तुला मूल एक. एकातून एक कमी केलं की काही उरत नाही.

हे पहिल्यांदा झालेलं नाही, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. आपण त्यावर कधी बोललो नाही. मी आठ वर्षांची असताना सक्तीच्या शिक्षणाचे ते साहेब तळावर आले. त्यांनी विचारलं, "मुलं किती?" आप्पा सवयीने म्हणाले, "येकच हाय की." साहेबांना जाळीजवळ मी दिसले. पोर शाळेत घातलं नाही तर दंड, मुलींसाठी सरकारी वसतिगृह आहे, असं बोलून त्यांनी माझं नाव लिहिलं. आप्पा म्हणाले, "पोर माझं हाय सायेब, सरकारनं कवा येक दिस तरी खाऊ घातलं का?" साहेब म्हणाले, "आता घालेल." तू त्या वेळी मेंढरांमागे होतास.

तुला शिकायचं होतं. मैलाच्या दगडावरची अक्षरं बघून तू काठीने मातीत 'सोलापूर' गिरवायचास आणि मला हात लावू द्यायचा नाहीस. मला तर शाळा म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. मला न्यायला आले त्या दिवशी तू आप्पांना विचारलंस, "माजं नाव का न्हाय सांगितलं?" आप्पा म्हणाले, "दोन सांगितली असती तर दोनी न्हेली असती." त्यानंतर तू मातीत काही लिहिलेलं मी पाहिलं नाही.

पोर आईबापाचं की सरकारचं, हा आप्पांचा आणि तुझा प्रश्न खोटा नाही. सरकारने मला जेवू घातलं, शिकवलं, आज मी चार पोरांना शिकवते ते त्याच्यामुळे. पण वसतिगृहात दिवेलागणीला प्रार्थनेची घंटा व्हायची, तेव्हा इकडे कोकरं सोडायची वेळ. मी भिंतीकडे तोंड करून रडायचे. पहिल्या सुट्टीत घरी आले तर आपलं कुत्रं माझ्यावर भुंकलं. आईने माझं डोकं हुंगलं आणि म्हणाली, "पोरीचा वास गेला की गं." तो साबणाचा वास होता, पण मला वाटलं आता आई मला ढकलून देणार.

दिवाळीत मी मायाक्काला शाळेसाठी माझ्याकडे मागितलं, तेव्हा तू म्हणालास, "आईबापाचं येक पोर सरकारनं न्हेलं, आता सरकारच्या नावानं माजं तू न्हेतीस." मी रागाने उठून आले. सहा महिने पत्र नाही. राग का आला ते आज सांगते. ते खरं होतं म्हणून. मायाक्का माझ्याकडे राहील, मी तिची वेणी घालीन, संध्याकाळी ती दारात उभी असेल, हे मी मनात किती वेळा रंगवलं आहे. आम्हाला मूल नाही. शाळेच्या पटावर नाव घालण्याच्या आडून मी तुझं लेकरूच मागत होते. ते मागणं मी आज सोडते.

तिला माझ्याकडे पाठवू नकोस. वसतिगृहातही नको. वहिनीला वळसंगला राहू दे, मायाक्का तिच्याजवळ झोपेल आणि तिथल्याच शाळेत जाईल. तळ गावाजवळ असेल तेव्हा संध्याकाळी येऊन कोकरं सोडील. सुट्टीत तू म्हणशील त्या रानात तिला ने. तिचा वास जायला नको.

पण ती नाहीच, असं मात्र मी होऊ देणार नाही. आप्पा सवयीने बोलून गेले, तू जाणूनबुजून बोललास. गुरुवारी शरणप्पा गुरुजी पुन्हा चहाला येतील. त्याआधी तू तिचा हात धरून त्यांच्यापुढे उभा राहिलास तर मला काही बोलावं लागणार नाही. नाही राहिलास तर मी सांगेन, माझ्या भावाला मुलगी आहे, एक, पुरी एक. नजर लागली तर मी स्वतः मीठमोहऱ्या घेऊन वळसंगला येईन आणि दृष्ट काढीन.

अण्णा, हे शेवटचं मोठ्याने वाचा.

आप्पांनी मोजलेली तुझी बहीण,
ताना