नव्या आवृत्तीवरचं नाव

बाबा,

तुमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणून प्रकाशकाने मुखपृष्ठ मंजुरीसाठी माझ्याकडे सिंगापूरला पाठवलं. त्यावर तुमचं एकट्याचं नाव होतं. मी मंजुरी दिली नाही.

पुस्तक जिच्यावर आहे, ती मूकपटांच्या काळातली हॉलिवूडची पटकथाकार तुम्हाला फार प्रिय. शाळकरी वयात तिने टपालाने गोष्ट पाठवली, स्टुडिओने घेतली, आणि मग ती लिहीतच राहिली. पुढे बोलपट आले, लग्न झालं, आणि तिच्या पटकथांवर नवऱ्याचं नाव झळकू लागलं. या अन्यायावर तुम्ही गावोगाव व्याख्यानं दिलीत. पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसायच्या. आई घरी पुढचं प्रकरण लिहीत असायची.

मला ते स्वयंपाकघर दिसतं. आई स्टुलावर बसली आहे, मांडीवर कागद, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजते आहे. त्या पटकथाकार बाईची इंग्रजी पत्रं वाचणं, त्यांचा अर्थ लावणं, मराठीत लिहिणं, सगळं तिचं. रविवारी तुम्ही तेच तुमच्या वळणदार अक्षरात उतरवून काढायचात. मी दहा वर्षांची होते. विचारलं, "बाबा, पुस्तक आई लिहिते ना?" तुम्ही म्हणालात, "आई मदत करते. मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये." प्रस्तावनेत तुम्ही ग्रंथपालाचे आभार मानलेत, शिपायाचेही. पत्नीबद्दल लिहिलंत, आभार मानून तिला परकं करणार नाही. इतकं स्वस्त वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही.

मी इथे तुआसच्या गोदीत जहाजांच्या पाइपिंगची ड्रॉइंग्ज करते. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कुणी काढलं, कुणी तपासलं हे लिहावं लागतं. ते खोटं भरणाऱ्याला आमच्याकडे कुणी व्याख्यानाला बोलावत नाही.

गेल्या शनिवारी, इथल्या आमच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये, पुस्तक आईसमोर ठेवलं. म्हटलं, "तुझ्या प्रकरणांवर खूण कर."

"आता कशाला गं? लोक म्हणतील, मेलेल्या नवऱ्याशी भांडते."

"भांडते आहे मी. तू फक्त खूण कर."

तिने चष्मा लावला आणि पेन्सिलीने अकरा प्रकरणांवर खूण केली. बारावं सोडलं. त्यात त्या पटकथाकार बाईची शेवटची वर्षं आहेत: भाड्याची खोली, आणि कुणी मागितलेली नसताना रोज लिहिलेली पानं.

"हे राहिलं," मी म्हटलं.

"ते ह्यांचं. त्यात मी एक काना-मात्राही बदललेली नाही."

मुखपृष्ठावर दोन नावं जातील, आईचं आधी. प्रकाशकाला आज तसं कळवलं. हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, म्हणून सांगते. आईचं समजून मी इतकी वर्षं जे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचत आले, ते बारावं.