गव्हले वळणारी बोटं

प्रिय आई,

मोठ्या अक्षरात लिहितेय, म्हणजे वाचून दाखव म्हणून दादाच्या शिवमच्या मागे लागावं लागणार नाही तुला. इकडे कंधारला सगळी मजेत आहेत. माझ्या बालवाडीत यंदा बावीस मुलं आहेत, आणि त्यातला चार वर्षांचा सत्यम एकटा मला पुरून उरला होता. पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत धरायचा, वहीला भोकं पाडायचा. मी रोज त्याचा हात धरून गिरवून घ्यायचे. पुढे पुढे वही दिसली की तो हात पाठीमागे लपवू लागला. त्याची आजी कस्तुराबाई दारातूनच सांगायची, "बाई, दिवाळीपस्तोर अ न्हाई आला तर दुसरीकडं घालते बघा पोराला."

महिन्यापूर्वी फडताळ आवरताना तू दिलेला जुना डबा सापडला. तळाशी मूठभर गव्हले होते. मी चार वर्षांची असताना खिरीसाठी ते वळायला तू मला परातीशी बसवायचीस. अंगठा, शेजारचं बोट, खालून मधल्याचा आधार, आणि गव्हाच्या दाण्याएवढी कणीक. आई, पेन्सिलही याच चिमटीत धरतात.

दुसऱ्या दिवशी वह्या कपाटात ठेवल्या आणि कणीक मळून नेली. सत्यमनं लाडू वळले, एक खाल्लाही. कस्तुराबाई म्हणाली, "साळा हाय का सैपाकघर?" मग माझे गव्हले बघून तिलाच राहवेना. "दाण्यावानी पाह्यजेत वो, ह्ये उंदराच्या लेंड्या झाल्या," म्हणत तीच मांडी घालून बसली. तेव्हापासून रोज येते. काल सत्यमनं आपणहून पेन्सिल उचलली, तीन बोटांत, आणि गोल काढला. म्हणाला, भाकर. कस्तुराबाई डोळे पुसत म्हणाली, "करपायच्या आत उलथ की मग." दुसऱ्या शाळेचं नाव आता ती काढत नाही.

धाकट्या तनुजाच्या लग्नात तू गव्हले वळायला परात घेऊन बसलीस, तेव्हा मी पाहुण्यांदेखत म्हणाले होते, आता हे कोण खातंय, राहू दे. परात माळ्यावर गेली, ती पुन्हा उतरली नाही. माझं चुकलं हे मला कळत होतं, पण माफी मागायला तोंड उघडत नव्हतं. ती मागायला हे पत्र लिहितेय. परात खाली काढ, आई. सोमवारी अहमदपूरहून सकाळच्या एसटीत बस, मी स्टँडवर येते. बावीस मुलं हात धुऊन वाट बघतील. पत्राच्या खाली सत्यमनं काढलेली भाकर आहे. एका बाजूनं उघडीच राहिलीय. पत्र सोबत आण, ती तो तुझ्यासमोर पुरी करणार आहे.

तुझ्या परातीशी पुन्हा बसायला आतुर,
तुझीच आरती